न दिसणारा मालक

दसऱ्याचे सोने वाटून होते, रब्बीची ज्वारी मातीआड जाते, आणि धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांच्या रस्त्यांवर एक निराळीच वर्दळ सुरू होते. गावाच्या वेशीपाशी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहतात. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, पाण्याची घागर, चार गोधड्या, एखादी शेळी असा सारा संसार त्यांत चढतो. त्यावर बायामाणसे बसतात आणि बायांच्या मांडीवर तान्ही मुले. मागे राहणारी म्हातारी माणसे पदराने, धोतराच्या सोग्याने डोळे टिपतात. आई भवानीच्या दर्शनास तुळजापूरला निघालेली ही यात्रा नव्हे. ही माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, कित्येक तर कर्नाटकात, ऊस तोडावयास चालली आहेत. ती परततील ती पाडव्याच्या सुमारास, शेतातला ऊस संपल्यावर.

हा मुलूख बालाघाटच्या डोंगररांगांचा. पावसाळी वारे सह्याद्रीवर आपले पाणी रिते करून येथे पोहोचतात, म्हणून पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. जिल्ह्यात ऊस मुळीच होत नाही असे नाही. मांजरा व तेरणा या नद्यांच्या काठाने तो होतो, आणि तेरणेच्या नावाचा सहकारी साखर कारखानाही ढोकी येथे उभा राहिला. परंतु ज्याची दोन एकर जमीन डोंगराच्या उतारावर आहे आणि जिला आभाळाखेरीज दुसरे पाणी ठाऊक नाही, त्याने कार्तिकापासून चैत्रापर्यंत करावे काय? तो कोयता घेतो आणि वाट धरतो.

मुलांनो, हा 'कोयता' शब्द नीट लक्षात ठेवा. तुम्ही आम्ही कोयता म्हणतो ते एका हत्यारास. ऊसतोडीच्या व्यवहारात मात्र नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' होतो. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या वहीत 'अमुक गावचे दहा कोयते' अशी नोंद असते. माणसाची मोजदाद त्याच्या हातातील हत्याराने करण्याची ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तीत काही खटकण्याजोगे आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही.

आता फडातील काम पाहा. पहाटे, अंगावर काटा उभा करणाऱ्या थंडीत, टोळी उसाला भिडते. पुरुष बुडातून ऊस तोडतो, पाचट साळतो, शेंड्याचे वाढे छाटतो. स्त्री तोडलेला ऊस गोळा करते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेते. उसाच्या पात्यांची कड करवतीसारखी असते. हात, मान, गाल यांवर तिच्या रेघा उमटतात. वाहन रात्री आले तर रात्री भरावे लागते. काम आटोपून टोळी आपल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपटात परतते. परंतु स्त्रीचे काम तेथेही संपत नाही, कारण चूल अजून पेटावयाची असते.

अशा श्रमाने एका कोयत्याकडून दिवसाकाठी साधारणतः दीड ते दोन टन ऊस तुटतो. मजुरी मिळते ती दिवसावर नव्हे, तर टनावर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला. तत्पूर्वी टनामागे सुमारे २७३ रुपये मिळत. त्यात शेकडा ३४ वाढ होऊन तोडणीचा दर सुमारे ३६६ रुपये झाला. मुकादमाचे कमिशन शेकडा १९ होते ते २० झाले. हा करार तीन वर्षांसाठी होता. दोन टन ऊस तुटला तर ७३२ रुपये झाले, असे तुम्ही चटकन सांगाल. हिशेब बरोबर आहे. परंतु ते ७३२ रुपये दोन माणसांचे आहेत, आणि दिवस आठ तासांचा नाही, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट आहे. ही मजुरी बहुधा आधीच घेतलेली असते. दसऱ्यापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्यास आगाऊ रक्कम देतो, तिला 'उचल' म्हणतात. तिच्यातून बियाण्याची उधारी फिटते, मुलीचे लग्न होते, आजाऱ्याचे औषध येते. समजा, एका जोडप्याने ५०,००० रुपये उचल घेतली. टनाला ३६६ रुपये धरले, तर ती फेडण्यास सुमारे १३७ टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टन या वेगाने एकही दिवस न चुकता ६९ दिवस! त्यांत पोट भरण्याचा खर्च धरलेला नाही. आणि दिवस चुकतोच. ताप येतो, पोर आजारी पडते, पाऊस फड चिखलाने भरून टाकतो. ज्या दिवशी काम होत नाही त्यास 'खाडा' म्हणतात, आणि कित्येक टोळ्यांत खाड्याबद्दल पैसे कापले जातात. उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या वर्षावर चढते, आणि पुढल्या दसऱ्यास त्याच मुकादमाच्या ट्रॉलीत बसावे लागते. कर्ज दिले म्हणून माणसास कामावर अडकवून ठेवणे हा आपल्या देशात अपराध आहे. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. परंतु बेडी लोखंडाची असली म्हणजे ती डोळ्यांस दिसते. वहीतील बाकीची बेडी दिसत नाही.

मुकादम दुष्टच असतो, असे मात्र समजू नका. पुष्कळदा तोही त्याच गावचा, पूर्वी कोयता चालविलेला माणूस असतो. त्याने वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून रक्कम उचललेली असते. टोळी मध्येच निघून गेली तर ती त्याच्या अंगावर येते. तोही साखळीतील एक कडी आहे. खरा प्रश्न साखळीचाच आहे. फडात कोणाचा पाय कापला, तर औषधाचा खर्च कोणी द्यावा? मुकादम म्हणतो, "मी मध्यस्थ, काम कारखान्याचे." कारखाना म्हणतो, "आमचा करार वाहतूकदाराशी. हे मजूर आमच्या हजेरीपटावर नाहीत." शेतकरी म्हणतो, "ऊस माझा होता खरा, पण तोडणी तर कारखान्याने पाठविली." तिघेही कागदोपत्री खरे बोलतात. मग या मजुराचा मालक कोण?

हा प्रश्न गिरणीतील कामगारास कधी पडला नाही. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नसे. तेव्हा महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. मालकांपुढे मागणी मांडली, सभा भरविल्या, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळविली. तुमच्या शाळेस रविवारी टाळे असते, त्यामागे ही कथा आहे. लोखंडे यांचे कार्य सोपे होते असे नाही; परंतु त्यांना एक गोष्ट अनुकूल होती. गिरणीस दरवाजा होता. तिच्या मालकाचे नाव सर्वांस ठाऊक होते. कोणाकडे मागावयाचे, याविषयी शंका नव्हती. ऊसतोड कामगाराने कोणत्या दरवाजापुढे उभे राहावे?

या कोड्याचे एक उत्तर महाराष्ट्रानेच शोधून काढले आहे, आणि ते फार शहाणपणाचे आहे. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत पोती वाहणारे हमाल, म्हणजे माथाडी, हेही असेच बिनमालकाचे मजूर होते. सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे, संध्याकाळी तिसऱ्याचे. पाठ मोडली तर कोणाचीच जबाबदारी नाही! अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत या माथाड्यांस एकत्र केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या द्वारे तेच कार्य आयुष्यभर केले. २०२५ च्या डिसेंबरात, वयाच्या ९५ व्या वर्षी, आढावांचे निधन झाले. या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला.

कायद्याची युक्ती अशी. एकच मालक शोधीत बसावयाचे नाही. त्याऐवजी एक मंडळ स्थापावयाचे. त्यात कामगारांचे, मालकांचे आणि शासनाचे प्रतिनिधी असावयाचे. हमालाचे नाव मंडळात नोंदवावयाचे, व्यापाऱ्याचेही नोंदवावयाचे. पोते कोणाचेही असो, त्या व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरावयाची. मंडळ मजुरी कामगारास देते, आणि लेव्हीच्या रकमेतून भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी सुट्ट्या, औषधोपचार यांची तरतूद होते. पोती शंभर जणांची असली तरी पाठ एकाच माणसाची आहे, आणि त्या पाठीची काळजी शंभरांनी मिळून घ्यावी, हे या कायद्याने सांगितले. मला विचाराल तर आपल्या राज्याने केलेल्या मोठ्या कामांत याची गणना व्हावयास हवी.

हाच विचार पुढे उसाच्या फडापर्यंत आला. मात्र त्यास फार वेळ लागला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे कार्यालय २०२२ मध्ये पुण्यात उघडले. कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तितकीच भर घालावी, असे ठरले. मागे राहणाऱ्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही मंजूर झाली. तुमच्या वर्गात हिवाळ्यात काही बाके रिकामी पडत असतील, तर त्या योजनेचे मोल तुम्हांस निराळे सांगावयास नको.

आता त्याच गावातील धाकट्या पिढीकडे वळू. बारावीपर्यंत शिकलेला एखादा तरुण म्हणतो, "मी कोयता हाती धरणार नाही," आणि पुण्यास जातो. तेथे तो मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाचे डबे, किराणा, औषधे पोहोचवितो. त्याच्या पाठीवर चौकोनी पेटी असते आणि हातात मोबाईल. आईबापांपेक्षा त्याचे काम अगदी निराळे आहे, असे वाटते. नीट पाहा बरे! आईबापांस टनावर मजुरी, त्यास ऑर्डरीवर. त्यांचा कोयता स्वतःचा, त्याची गाडी आणि पेट्रोल स्वतःचे. त्यांचा वाहनाची वाट पाहण्यात गेलेला वेळ हिशेबात नाही, त्याचा हॉटेलच्या दारात ताटकळण्यात गेलेला वेळही नाही. त्यांना खाडा लागतो. त्याचे गुण घसरले तर मोबाईलवरील त्याचे खाते बंद होऊ शकते. त्यांना निदान मुकादमाचा चेहरा ठाऊक आहे. या मुलाचा मुकादम म्हणजे एक ॲप आहे. ते त्यास काम देते, वाट दाखविते, दर ठरविते आणि शिक्षाही करते. परंतु त्याच्याशी भांडावे म्हटले तर समोर माणूसच नाही. कंपनी त्यास कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. पार्टनर म्हणजे भागीदार. नफ्यात भाग नसलेला असा भागीदार आपल्या व्याकरणात बसत नाही, पण व्यवहारात बसविला गेला आहे.

अशी माणसे थोडी नाहीत. नीती आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ या वर्षी देशात अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता.

याहूनही अदृश्य असे एक काम आहे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचा फार बोलबाला आहे. यंत्र चित्र ओळखते, बोललेले समजते, प्रश्नास उत्तर देते. ते आपोआप शहाणे झाले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः यंत्रास शिकविणारे हजारो शिक्षक आहेत. कोणी दिवसभर चित्रांतील बैलाभोवती, गाडीभोवती, माणसाभोवती चौकटी आखीत बसतो; कोणी वाक्ये वाचून आपला आवाज देतो; कोणी यंत्राची उत्तरे तपासून बरीवाईट ठरवितो. यांसही मजुरी नगावर मिळते, आणि कित्येक ठिकाणी काम नापसंत ठरले तर केलेल्या श्रमाचे काहीच मिळत नाही. काहींच्या वाट्यास तर क्रूर, किळसवाणी दृश्ये पाहून ती वगळण्याचे काम येते. तुमच्या आमच्या डोळ्यांपुढे ती येऊ नयेत म्हणून ते आपले डोळे खर्ची घालतात. केनिया देशातील नैरोबी शहरात १ मे २०२३ रोजी अशा दीडशेहून अधिक कामगारांनी एकत्र येऊन आपली संघटना स्थापण्याचा निश्चय केला. आपण महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन करीत होतो, तो हाच दिवस.

हे काम मराठीतही झाले आहे. पालघर जिल्ह्यातील एका आदिवासी गावात मोबाईलवर हस्ताक्षरातील शब्द वाचून ते टाइप करण्याचा प्रयोग संशोधकांनी केला. त्याचे वृत्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढल्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यात ३६ मराठी भाषकांनी, खेड्यांतील आणि शहरांतील, मोबाईलसमोर वाक्ये वाचून सुमारे १०९ तासांचे मराठी बोलणे गोळा करून दिले. याच प्रयत्नांतून 'कार्य' नावाची संस्था निघाली. तिने दर ताशी चांगला मोबदला देण्याचे, आणि गोळा केलेला आवाज पुन्हा विकला गेला तर त्या विक्रीतील वाटा आवाज देणाऱ्यास पोहोचविण्याचे धोरण स्वीकारले. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. तोडलेला ऊस एकदाच गाळला जातो. वाचलेले वाक्य मात्र यंत्रात राहते आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडते. मग त्याची मजुरी एकदाच का द्यावी?

कायदाही सावकाश का होईना, या दिशेने पावले टाकीत आहे. २०२० मध्ये संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ॲपवर काम करणाऱ्यांचा कायद्यात प्रथमच नावाने उल्लेख झाला. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या शेकडा १ ते २ इतकी रक्कम, मात्र कामगारांस दिलेल्या मोबदल्याच्या शेकडा ५ पेक्षा अधिक नव्हे, त्यांच्या सुरक्षेच्या निधीत भरावी, असे त्यात आहे. राजस्थानने तर २०२३ मध्येच आपला स्वतंत्र कायदा केला. राज्यांत तो पहिला. वाचताना तुम्हांस माथाडी मंडळाची आठवण झाली असेल. तीच युक्ती! डबा कोणाचाही असो, त्याच्यामागे काही पैसे निधीत जावेत. तरीही या संहितेने त्या तरुणास कंपनीचा कामगार म्हटलेले नाही. त्याच्या कामाचे तास किती असावेत, किमान मजुरी किती, खाते बंद करण्यापूर्वी त्याचे म्हणणे कोणी ऐकावे, हे प्रश्न तिने सोडविले नाहीत.

निधी उभा राहिला तरी तो पोहोचावयास आधी माणसाचा पत्ता लागावा लागतो. केंद्र शासनाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली. ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकाने करावी आणि त्यांस ओळखपत्र द्यावे, असेही राज्य शासनाने ठरविले. दसऱ्यापूर्वी कधी ग्रामपंचायतीच्या कचेरीत गेलात, तर ही नोंद कशी होते ते विचारून पाहा. त्या नोंदवहीत कोयते मोजावयाचे नसतात. नवऱ्याचे नाव एका ओळीत लिहावयाचे, आणि बायकोचे नाव, तिच्या स्वतःच्या नावाने, दुसऱ्या ओळीत.

अभ्यास

१. 'कोयता', 'उचल', 'खाडा' या शब्दांचे ऊसतोडीच्या व्यवहारातील अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
२. एका जोडप्याने ४०,००० रुपये उचल घेतली आणि रोज दीड टन ऊस तोडला. टनास ३६६ रुपये दर धरल्यास उचल फिटण्यास किती दिवस लागतील? मधे आठ दिवस पाऊस पडला तर?
३. गिरणी कामगार, माथाडी आणि डबे पोहोचविणारा तरुण या तिघांपैकी कोणास आपला मालक सहज दाखविता येईल? कोणास येणार नाही? का?
४. तुमच्या घरी गेल्या आठवड्यात ज्यांनी काही आणून पोहोचविले, त्यांच्याशी बोला. त्यांचा दिवस केव्हा सुरू होतो व केव्हा संपतो, ते लिहून आणा.